पाड्यावरच्या मुलांचं वजन: या चुका टाळा

आदिवासी भाग म्हणजे कुपोषण, एवढंच डोक्यात घेऊन नवी पोरंपोरी जव्हार-मोखाड्याला, सुरगाण्याला मुलांच्या आरोग्याच्या कामाला येतात. लठ्ठपणाचं नाव काढलं की हसतात. "इथे? इथे खायची मारामार आहे, ताई." पाच रुपयांच्या तळलेल्या पुड्या आणि बिस्किटं खाऊन मूल एकाच वेळी गोलही दिसू शकतं आणि कुपोषितही असू शकतं, हे गळी उतरायला एखादा पावसाळा जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधलं अतिवजन २०१५-१६ साली २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झालं. आकडा लहान आहे, म्हणून तर आत्ताच लक्ष घालायचं. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींकडे पाणी इतकं डोक्यावरून गेलं की २०१५ पासून त्यांनी आपल्या हद्दीत जंक फूडवर दोन टक्के जादा कर बसवला.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे नुसतं वजन बघणं.

वजन करणं सोपं असतं. उंची घ्यायची तर मूल रडतं, टाचा उचलतं, पोरीचा बुचडा पट्टीच्या आड येतो. मग मागच्या महिन्याची उंची तशीच उतरवायची, नाहीतर अंदाजे ठोकायची. त्याने काय होतं बघा. पाच वर्षांला टेकलेला एक मुलगा आहे, उंची ९५ सेंटिमीटर, वजन १४ किलो. वयाच्या मानाने वजन बघितलं तर तो 'कमी वजन' गटात. पण ९५ सेंटिमीटरच्या मुलाचं मधलं वजन १४ किलोच्या आसपासच असतं. म्हणजे पोरगा बारीक नाही, खुजा आहे. त्याला वयाच्या सरासरीला, १८ किलोपर्यंत नेलात, तर उंचीच्या मानाने तो थेट अतिवजनात जाईल. उंची आहे तिथेच.

हे कागदावरचं गणित नाही. एका पाड्यावर एका संस्थेने 'वजन वाढवा' मोहीम काढली होती. रोज गोड पावडर घातलेलं दूध आणि वर क्रीमची बिस्किटं. महिन्याच्या महिन्याला तक्त्यावरचे ठिपके वर चढले, फोटो निघाले, अहवाल गेला. आम्ही पुढे जाऊन उंच्या घेतल्या, तर बहुतेक पोरं जिथल्या तिथे. गाल भरलेले, पोट पुढे आलेलं आणि पापणी खाली ओढली की आत पांढरंफटक, म्हणजे अंगात रक्त कमी. शिवाय गोडाची अशी चटक लागली होती की अंगणवाडीतली उसळ पोरं ताटात तशीच ठेवायची. मदतनीस बाईंनी शेवटी कपाळाला हात लावला. मोहिमेची मंडळी तोवर दुसऱ्या तालुक्यात.

माझी सवय साधी आहे. आधी उंची, दोनदा. मगच काटा. दोन उंच्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. घाई असेल तर त्या दिवशी निम्मीच मुलं मोजायची, उरलेली उद्या. तीव्र कुपोषित, म्हणजे सॅममधल्या मुलाला भरपूर उष्मांक लागतात, त्याचे उपचार वेगळे आणि ते डॉक्टरांच्या सांगण्यानेच. पण खुज्या मुलाला अंडं, डाळ, सुकट, नागली, रानभाज्या हव्यात. साखर नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने आसपासच्या खेड्यांतली बाळं अभ्यासली, तेव्हा सरासरी २.७ किलोच्या त्या बारक्या बाळांच्या अंगातही मांस कमी आणि त्या मानाने चरबी जास्त दिसली. अशा अंगावर वरून साखर ओतून काय साधणार?

दुसरी चूक ऐकली की माझा आवाज चढतो. सगळ्यांसमोर मोजणं.

एका आश्रमशाळेत शहरातून आलेल्या उत्साही मंडळींनी मुलींना ओळीत उभं केलं, वजनं मोठ्याने पुकारली आणि तीन-चार जणींच्या नावापुढे फळ्यावर 'लठ्ठ' लिहिलं. दुपारी मंडळी गेली, नाव मात्र चिकटलं. त्यातली आठवीतली एक मुलगी रात्रीची भाकरी शेजारणीच्या ताटात सरकवू लागली. अधीक्षिकेच्या ते लक्षात आलं ते पोरगी सकाळच्या प्रार्थनेला चक्कर येऊन पडली तेव्हा. ती लठ्ठ नव्हतीच. वयात येणारी, जरा रुंद हाडाची पोर, आणि हिमोग्लोबिन तळाला. मोजायचं तर पडद्याआड, एकेकीला, आकडा न पुकारता. बोलायचं ते स्वयंपाकघराशी आणि अधीक्षिकेशी. मुलीला तिच्या वजनाबद्दल काही सांगायची गरज नव्वद टक्के वेळा नसतेच.

शाळेत धडे दिले की भागलं, हाही एक लाडका समज. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि साउथ डकोटामधल्या आदिवासी मुलांच्या ४१ शाळांत 'पाथवेज' नावाचा मोठा प्रयोग झाला. तीन वर्षं धडे, व्यायाम, सुधारलेलं जेवण, घरच्यांसाठी कार्यक्रम. मुलांना माहिती झाली, जेवणातली चरबीही उतरली, पण २००३ साली निकाल आला तेव्हा अंगातल्या चरबीत फरक नव्हता. एवढं करूनही ही गत, आणि आपले लोक एका पोस्टरवर भागवू बघतात.

पुडीवरून आजीला झापू नका. दिवाळीनंतर आईबाप भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, आजी एकटी चार नातवंडं सांभाळते, आणि पाच रुपयांत रडं थांबतं. भट्टीवर गेलेल्या मुलांचंही तेच, आठवड्याची खर्ची हातात पडली की आधी पुडी. मी दुकानदारापाशी बसते. पुड्यांच्या माळा दारातून आत घ्यायला लावते आणि समोर फुटाणे, शेंगदाणे ठेवायला सांगते. कुरकुर करतो, पण ऐकतो. दुकान शाळेला लागून असेल तर २०२० चा अन्नसुरक्षेचा नियम दाखवा: फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. दाखवताना दमदाटी नको, उद्या त्याच्याच टपरीवर चहा प्यायचाय.

बाकीच्या झटपट सांगते.

ओट्स आणि ऑलिव्ह ऑइलचा डाएट चार्ट घेऊन येऊ नका. घरात नागली आहे, वरई आहे, परसात शेवगा आहे.

अमृत आहार या सरकारी योजनेतलं अंडं घरी पाठवू नका, घरी त्याचे पाच वाटे होतात. समोर सोलून तिथेच खायला द्या.

क्रीडास्पर्धेत बक्षीस म्हणून कोल्ड्रिंक? २०० मिलीच्या बाटलीत चार-पाच चमचे साखर असते.

जाड मुलाला शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणाऱ्या पीटीच्या सरांशी मी वाद घालत नाही, सरळ मुख्याध्यापकांकडे जाते. पाड्यावरचं मूल नदीवर, झाडावर, गुरांमागे तासन्‌तास हिंडतं. वसतिगृहात आलं की तेच मूल पाच वाजता कुलपाआड. आधी मैदानाचं कुलूप उघडायला सांगा.

आणि तीन महिन्यांत निकाल मागणाऱ्या देणगीदाराला पहिल्याच बैठकीत सांगून टाका की उंचीचा फरक दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्याला घाई असेल तर त्याने शाळेला रंग लावून द्यावा.