नेटवर्किंगला इंग्रजीत गप्पा अडू नयेत म्हणून आदल्या दिवशीची तयारी

इंग्रजीत सुरुवात बहुतेक सगळ्यांना जमते. हाय, आय ॲम अमुक, आय वर्क इन तमुक, नाइस टू मीट यू, इथपर्यंत सगळं पाठ असतं आणि त्यानंतर जी शांतता पसरते ती जीव खाते. म्हणून तयारी करायची ती त्या पुढच्या मिनिटाची, आणि ती बरीचशी घरी बसून होते.

आधी कार्यक्रमाची माहिती काढून ठेवा, विषय काय, बोलणारे कोण, कुठल्या क्षेत्रातली माणसं येणार. त्यातला जो विषय तुम्हाला थोडाफार कळतो त्यावर दोन वाक्यं बोलता येतील एवढंच वाचा, जास्त नको. मग स्वतःच्या कामाचं एक वाक्य तयार करा, पण नुसतं पद सांगणारं नको. आय ॲम अ सीनियर ॲनालिस्ट म्हटलं की समोरचा ओके म्हणतो आणि विषय संपतो, कारण त्याला पुढे विचारायला तुम्ही काही दिलेलंच नसतं. त्याऐवजी आय हेल्प हॉस्पिटल्स फिगर आउट व्हाय देअर बिल्स गेट डिलेड असं काही म्हटलंत तर तो आपणहून विचारतो, अच्छा, मग का होतो उशीर? हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, मनात म्हटलेलं आणि तोंडातून निघालेलं यात खूप फरक पडतो, शक्य असेल तर फोनवर रेकॉर्ड करून ऐका. कंपनीचं नाव आणि स्वतःचं नाव मुद्दाम सावकाश म्हणायचा सराव करा, आपण रोज घेतो म्हणून ती भरकन उरकतो आणि समोरच्याला काही कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा प्रश्न. प्रश्नांची मोठी यादी पाठ करून जाऊ नका, एक संपला की दुसरा असं विचारत गेलात तर इंटरव्ह्यू चालल्यासारखं वाटतं. समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातला एक शब्द पकडायचा आणि त्यावर विचारायचं. समजा तो म्हणाला, आय जॉइन्ड लास्ट यर, बिफोर दॅट आय वॉज इन लॉजिस्टिक्स. यात धरायला तीन जागा आहेत, गेल्या वर्षी, त्याआधी आणि लॉजिस्टिक्स. ओह, लॉजिस्टिक्स, सो हाऊ डिड यू एंड अप हिअर? किंवा, हाऊ हॅज द फर्स्ट यर बीन? एवढंच पुरतं, व्याकरण अवघड नाही, शब्द अवघड नाहीत, फक्त लक्ष देऊन ऐकलेलं असावं लागतं. २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हेच तपासलं होतं, जे लोक जास्त प्रश्न विचारतात, त्यातही समोरच्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न काढतात, ते बोलणाऱ्याला जास्त आवडतात असं त्यांना दिसलं. ज्यांना आपलं इंग्रजी कच्चं वाटतं त्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण प्रश्न छोटा असतो आणि बोलायचं जास्त काम समोरच्याकडे जातं. सराव करायचा असेल तर कुठलीही मुलाखत लावा, प्रत्येक उत्तरानंतर व्हिडिओ थांबवा आणि मुलाखतकाराच्या आधी तुमचा प्रश्न म्हणा. व्हाय जरा जपून वापरा हं, व्हाय डिड यू लीव्ह म्हटलं की जाब विचारल्यासारखं होतं, व्हॉट मेड यू मूव्ह हे तेच विचारतं पण मऊपणे.

तुम्हाला प्रश्न आला तर येस, नो वर थांबू नका, उत्तर आणि वर एक जास्तीची गोष्ट द्या. इज धिस युअर फर्स्ट टाइम हिअर? येस, अ कलीग टोल्ड मी द पॅनल्स आर गुड, हाऊ अबाउट यू? बस.

अडकल्यावर वापरायची वाक्यं वेगळी पाठ करा, आणि ही मात्र अगदी झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. यामागे कारण आहे. २००९ मध्ये दहा भाषांमधली संभाषणं तपासली गेली, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं. एवढ्यात मराठीत विचार करून त्याचं इंग्रजी करणं कुणालाच शक्य नाही, त्यात आपली काही कमी नाही. म्हणून जागा धरून ठेवणारं वाक्य लगेच टाकायचं, लेट मी थिंक किंवा दॅट्स इंटरेस्टिंग, आय हॅवन्ट थॉट अबाउट इट दॅट वे, तेवढ्यात पुढचं सुचतं. ऐकू आलं नाही तर सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट. समजलं नाही तर डू यू मीन म्हणून तुम्हाला जे वाटलं ते सांगा, तो स्वतःच दुरुस्त करेल. न समजता नुसतं येस येस करत मान हलवू नका, दोन वाक्यांनी तो काहीतरी विचारतो आणि मग खरी पंचाईत होते. नाव कळलं नाही तर तिथल्या तिथे विचारा, पाच मिनिटांनी विचारणं जास्त अवघड जातं.

उभं कुठे राहायचं तेही आधी ठरवलेलं बरं. अगदी समोरासमोर तोंड करून बोलणारे दोघं सोडून द्या, तिघांचा घोळका ज्यात एक बाजू मोकळी आहे तिकडे जा, माइंड इफ आय जॉइन यू म्हणा आणि आधी थोडं ऐका. चारपेक्षा जास्त माणसं झाली की एकच गप्पा टिकत नाहीत, घोळका आपोआप फुटतो, आणि तेव्हा शेजारच्याशी बोलायला छान संधी मिळते.

निघायचं वाक्यही खिशात ठेवा, ते नसलं की माणूस अडकून पडतो. संभाषण कधी संपतं यावर २०२१ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दोघांनाही हवं तेव्हा संपलेलं संभाषण जवळजवळ सापडलंच नाही, म्हणजे समोरचाही बहुतेक वाट बघत असतो किंवा त्याला अजून बोलायचं असतं, ओळखणं कठीण. म्हणून उगाच कारणं देत बसू नका. आय रिअली एंजॉइड हिअरिंग अबाउट युअर मूव्ह फ्रॉम लॉजिस्टिक्स, कॅन आय ॲड यू ऑन लिंक्डइन? त्याचं बोललेलं काहीतरी त्यात आलं की तुम्ही कंटाळून पळताय असं वाटत नाही.

बाजूला झाल्या झाल्या फोनमध्ये नाव आणि एक ओळ टिपून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवरून दोन वाक्यांचा मेसेज पाठवा, कॉपी पेस्ट केलेला नको.