रिसीव्हर तापून बंद पडत होता, दोष निघाला रॅकचा

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधलं सुताराने बांधलेलं टीव्ही युनिट: 14 इंच खोल, पुढे काचेचं दार. त्यात एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज मोठा करून स्पीकरना देणारा डबा) ठेवला की तासाभरात प्रोटेक्शनमध्ये जाऊन, म्हणजे बिघाड टाळायला आपणहून, बंद. आधी स्पीकरच्या वायरी तपासल्या, कारण एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी हेच होतं. तिथे काही नव्हतं. हवाच कोंडत होती.

बहुतेक रिसीव्हर साधारण 43.5 सेंमी रुंद, 35 ते 40 सेंमी खोल. मागे एचडीएमआयची पिन आणि वायरीचं वळण यांना आणखी 6-7 सेंमी लागतात. म्हणजे रॅकची खोली 45 हवी, 50 उत्तम. 14 इंच म्हणजे जेमतेम 35.5, वायर दाबून बसवली की पोर्ट सैल होतो.

नवा रॅक उघड्या पाठीचा घेतला, लोखंडी चौकट आणि 18 मिमी प्लायच्या फळ्या. पार्टिकल बोर्ड नकोच. ठाण्याच्या पावसाळ्यात कडा फुगतात आणि दहा किलोच्या वजनाने फळी मधोमध झोळ खाते. रिसीव्हर सगळ्यात वर. सेट-टॉप बॉक्स त्याच्या डोक्यावर ठेवायचा मोह टाळा, गरम हवा बाहेर जायची जाळी झाकली जाते. सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर) जमिनीवरच.

जुनंच युनिट ठेवायचं तर बाजूच्या फळीत वरच्या कोपऱ्यात 120 मिमीचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा, खाली समोरून फट ठेवा. 12 व्होल्टचा पंखा यूएसबीच्या 5 व्होल्टवर हळू, जवळपास बिनआवाज फिरतो. काही मात्र सुरूच होत नाहीत, दुकानातच लावून बघा.