आईच्या घरात कॅमेरा बसवण्यापूर्वी: शुश्रूषेच्या उपकरणांची नैतिक पारख कशी करावी

अमळनेर तालुक्यातल्या एखाद्या गावात पंचाहत्तरी ओलांडलेली आई एकटी राहते, मुलगा सुरतेला उधन्याच्या कारखान्यात असतो, लेक धुळ्याला सासरी असते, आणि आई न्हाणीत एकदा घसरली की आठवड्याच्या आत घरात कॅमेरा आणि पडल्याची सूचना देणारे मनगटी घड्याळ येते. उपकरण कसे चालते हे दुकानदार दाखवतो, पण ते त्या घरात असावे की नाही हे कोणी दाखवत नाही. त्यासाठी जर्मनीत आर्ने मान्झेश्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास मांडलेली ‘मीस्टार’ ही पद्धत उपयोगी पडते. वृद्धांसाठीच्या साहाय्यक यंत्रणांचा विचार करतानाच ती तयार झाली. काळजी, स्वायत्तता, सुरक्षितता, न्याय, खासगीपणा, सहभाग आणि स्वतःविषयीची समजूत अशा सात अंगांनी उपकरण तपासायचे आणि मग त्याला चारपैकी एक पायरी द्यायची, एवढाच तिचा गाभा असल्यामुळे ती खान्देशातल्या ओट्यावर बसूनही वापरता येते.

सुरुवात उपकरणापासून करू नये. आधी अडचण एका वाक्यात लिहावी आणि त्या वाक्यात कोणत्याही यंत्राचे नाव येऊ देऊ नये. ‘आई पडते’ हे वाक्य पुरेसे नाही; ‘आई रात्री लघवीला उठते तेव्हा अंधारात उंबऱ्याला पाय अडकतो’ हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण त्यातून भिंतीला धरायचा दांडा आणि रात्रभर जळणारा लहान दिवा हे उपाय आपोआप पुढे येतात. त्याच कागदावर, विचारात असलेल्या उपकरणाने कोणाची चिंता कमी होणार आहे, हेही लिहावे. कॅमेऱ्याने बहुधा मुलाची चिंता कमी होते, आईचे पडणे थांबत नाही. मुलाची चिंता खोटी नाही, तीही नोंदवावी. मात्र ती आईची गरज म्हणून नोंदवू नये. माझ्या मते साऱ्या पारखीतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा प्रश्न आहे.

यानंतर बैठक घ्यावी. तिला आई, प्रत्यक्ष सेवा करणारी सून किंवा सांभाळणारी बाई, पैसे देणारा मुलगा आणि ज्याचा या खरेदीत काही लाभ नाही असे एक माणूस, उदाहरणार्थ गावातल्या आशाताई (आरोग्य स्वयंसेविका), असावेत. बोलणे आईच्या भाषेत, म्हणजे अहिराणीत, व्हावे आणि उपकरण तिच्या हातात द्यावे. ‘तुमनी मर्जी’ हे उत्तर संमती समजू नये. पोरांना दुखवायचे नाही म्हणूनही म्हातारी माणसे तसे म्हणतात. ‘हे नसले तर काय करशील?’, ‘हे नको झाले तर कोणाला सांगशील?’ असे विचारले की खरे मत बाहेर येते. ती ‘माले नही जोयजे’ (मला नको) म्हणाली, तर कारण विचारावे. समजूत घालायला लगेच सुरुवात करू नये.

सातही अंगांना सारखा वेळ देण्याची गरज नाही. खासगीपणाचा प्रश्न येथे वेगळा आहे, कारण घराचे दार दिवसभर उघडे असते आणि शेजारणी न विचारता आत येतात. त्यामुळे कॅमेऱ्यात आईबरोबर त्या शेजारणी आणि सांभाळणारी बाईही येतात; त्यांना कॅमेऱ्याची माहिती असणे आणि बाईची स्वतंत्र संमती असणे आवश्यक आहे. सहभाग तपासताना एकच पाहावे: उपकरण आल्यावर चौकशीला येणारी माणसे कमी होतील का? स्वतःविषयीची समजूत हे अंग मोजता येत नाही, पण ज्या बाईने जन्मभर शेत आणि घर चालवले तिला मनगटावरचा पट्टा आधार वाटतो की पाळत, हे तिने स्वतःच सांगायचे असते.

सुरक्षितता स्थानिक परिस्थितीत तपासावी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि त्याच दिवसांत वीजही जाते. मिनिटाला पाच लिटर क्षमतेच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राला, साधारण ३०० ते ४०० वॅट वीज लागते, म्हणून इन्व्हर्टर किती वेळ टिकतो ते प्रत्यक्ष चालवून पाहावे आणि भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा. अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या डोंगरात जेथे नेटवर्क मिळत नाही, तेथे सूचना पाठवणारे घड्याळ केवळ खोटा धीर देते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. धाप दिसत असेल तर आकड्यावर विसंबू नये. न्यायाच्या अंगाने खर्च कोणाच्या वाट्याचा कापून होतो हे पाहावे. ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३००० रुपये मिळतात, आणि त्यात काठी किंवा कमोड खुर्ची सहज बसते.

आता पायरी द्यावी. पहिली म्हणजे आक्षेप नाही: उंबऱ्याजवळचा दिवा. दुसरी म्हणजे प्रश्न आहे, पण उपाय करता येतो: आईने स्वतः दाबायचे बटण, जे चुकून दाबले तरी कोणी रागावणार नाही असे आधीच ठरलेले असते. तिसरी म्हणजे सतत लक्ष ठेवावे लागेल किंवा उपकरण आणूच नये: खोलीतला कॅमेरा. तो हवाच असेल, तर त्याचे तोंड फक्त दाराकडे असावे, तो झाकायचे फडके आईच्या हाताशी असावे आणि चित्र एकाच फोनवर दिसावे. चौथी म्हणजे नकार: न्हाणीतला कॅमेरा, किंवा आईला नकळत बसवलेले कोणतेही यंत्र. एका अंगात चौथी पायरी आली, तर बाकीच्या अंगांची सरासरी काढू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही, असे समजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मर्यादित पालकत्वाची कल्पना अशी आहे की निर्णय त्या व्यक्तीसोबत, ठरावीक बाबीपुरता आणि ठरावीक काळापुरता घ्यावा. घरातही तोच नियम धरावा: सकाळी, मन स्थिर असताना विचारावे, आणि पट्टा वारंवार काढून टाकला जात असेल तर ते उत्तर मानावे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ उपकरणाच्या कंपनीसाठी आहे आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येतात, पण मुलगा स्वतःच्या घरगुती कारणासाठी जे पाहतो त्याला तो लागू होत नाही. म्हणजे घरातली मर्यादा घरानेच ठरवावी लागते. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगणारी कंपनीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मागण्याची तरतूद या कायद्यात आहे. अहिराणी त्या अनुसूचीत नसल्याने ती सूचना आईला वाचून, अहिराणीत समजावून सांगण्याचे काम आपले आहे.

ठरलेले सर्व त्याच कागदावर लिहून तीन आठवड्यांनी पुन्हा बैठक घ्यावी, आणि आजारपण, नवी बाई किंवा नवे घर अशा प्रत्येक बदलानंतर ती पुन्हा घ्यावी. उपकरण काढले की सर्व फोनमधील ॲप व साठवलेली चित्रे पुसावीत, कंपनीकडील खाते बंद करावे आणि हे झाल्याचे आईला दाखवावे.