घरच्या माणसावर गंभीर गुन्हा दाखल झाला, तर घरच्यांनी काय करायचं

खून, खुनाचा प्रयत्न, हुंडाबळी, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), गांजा. घरच्या माणसाचं नाव अशा गुन्ह्यात आलं की दोन गाड्या भरून भाऊबंद पोलिस ठाण्यासमोर जमतात. त्या गर्दीने काही सुटत नाही, उलट घोषणाबाजी झाली तर आणखी एक गुन्हा वाढतो. कामाची माणसं दोनच लागतात. एक वकिलासोबत पळणारा आणि एक कागद व तारखा सांभाळणारा. दुसऱ्याने पहिल्या दिवशीच एक जाड वही घ्यावी.

पहिले चोवीस तास

अटक केल्याचं घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणंही बंधनकारक आहे. ठाण्यात शांतपणे पाच गोष्टी विचारा आणि वहीत लिहा: अटक किती वाजता दाखवली, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कोणती, तपासी अंमलदार कोण, कोणत्या कोर्टात कधी नेणार. 'फक्त चौकशीला आणलंय' असं उत्तर मिळालं तर आणल्याची वेळ लिहून ठेवा आणि वकिलाला लगेच कळवा. पुढे अटकेच्या वेळेवरून वाद झाला तर ही नोंद आणि त्या वेळचे फोन कॉल कामी येतात.

अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. माणूस पावरी किंवा भिली बोलतो आणि कागद मराठीत असतो. मराठी नीट कळत नसेल तर ते पहिल्याच रिमांडला (कोठडी ठरवायला मॅजिस्ट्रेटसमोर हजर करतात तेव्हा) वकिलाने कोर्टाच्या नोंदीवर आणावं. पुढे साक्षी चालू असतानाही दुभाषी मागता येतो, पण पहिल्या दिवशी गप्प राहिलेल्याने सहा महिन्यांनी भाषेची अडचण सांगितली तर तिला वजन राहत नाही.

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. पोक्सो आणि लैंगिक गुन्ह्यांची तिथे टाकत नाहीत, ती वकिलाने अर्ज करून घ्यायची. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, म्हणजे लोकांच्या तोंडातलं खुनाचं ३०२ आता १०३ झालं आणि खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चं १०९. घटना त्याआधीची असेल तर जुनीच कलमं लागतात.

त्याच दिवशी घरातून दोन कागद काढा. बीपी, शुगर, फिट्स असं काही असेल तर डॉक्टरची चिठ्ठी. मुलगा अठराच्या आतला असू शकतो असं वाटत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला. अठराच्या आतल्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं आणि त्याला तुरुंगात ठेवता येत नाही. मारहाण झाली असेल तर आरोपीने ती मॅजिस्ट्रेटसमोरच सांगावी. 'पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?' या प्रश्नाला भीतीने 'नाही' म्हटलं की ते 'नाही' फाइलमध्ये कायमचं राहतं.

तोंड आणि फोन

भेट झाली की आई पहिला प्रश्न विचारते: 'काय व्हयनं रे?' तिचा जीव तुटतो हे खरं आहे, पण हा प्रश्न घरच्यांनी विचारायचाच नाही. घरचा माणूस उद्या साक्षीदार म्हणून बोलावला जाऊ शकतो, आणि वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे ते आई, भाऊ, शालक यांच्या बोलण्याला नाही. भेटीत तब्येत, औषध, कपडे, तारीख एवढंच बोला. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर घटनेबद्दल एक अक्षर नको. आहे ते मेसेज पुसायचेही नाहीत, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र त्याच्या सांगण्यावरून कोयता किंवा रक्ताचे कपडे सापडले, तर त्या शोधापुरतं बोलणं पुराव्यात येतं. गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिला आहे. घरच्यांपैकी कुणाचा जबाब घ्यायचा असेल तर बायकांना, पंधराच्या आतल्या मुलांना आणि साठीपुढच्या माणसांना ठाण्यात येण्याची सक्ती नाही, त्यांचा जबाब घरी घ्यावा लागतो.

फिर्यादीच्या घरी समेटाला जाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. खून, बलात्कार, पोक्सो हे गुन्हे आपसात मिटवता येत नाहीत. शिवाय त्या एका भेटीवरून 'साक्षीदारांवर दबाव टाकतात' असं सरकारी वकील सांगतात आणि जामीन अडकतो. गावातले मध्यस्थ चांगल्या मनाने गेले तरी तेच होतं.

आपल्या बाजूचा पुरावा असेल तर मात्र घाई करा. दुकान, पेट्रोलपंप, हॉटेलच्या सीसीटीव्हीवर जुनं चित्रण काही दिवसांतच पुसून नवं चढतं. जागा आणि वेळ वकिलाला लिहून द्या, ते जपून ठेवण्याचा अर्ज तो करेल.

वकील आणि कोर्टाची वाट

सेशन केस, म्हणजे सेशन कोर्टात चालणारे गंभीर खटले, चालवलेला वकील लागतो. फी टप्प्यांनी ठरवा: रिमांड, जामीन, दोषारोपपत्रानंतरचं (चार्जशीट) काम, साक्षी. पावती मागा. 'जामीन शंभर टक्के करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ऐपत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटकडून सहसा जामीन मिळत नाही, अर्ज सेशन कोर्टात करावा लागतो. तिथे नाकारला तर पुढे उच्च न्यायालय. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. मुंबईचा मोठा वकील धरून वेळ आणि पैसा घालवण्याआधी हे लक्षात घ्या. ॲट्रॉसिटीच्या (अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या) गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाला कायद्यातच बंदी आहे. गांजात वजन बघा: २० किलोच्या वर गेलं की ती व्यावसायिक मात्रा ठरते आणि जामीन फार अवघड होतो.

दिवस मोजणं

वहीचं खरं काम इथे आहे. दोषारोपपत्र मुदतीत आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मुदत ६० दिवस. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस. व्यावसायिक मात्रेच्या गांजाला १८०. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून होते, आणि तो दिवसही धरतात. ५ मार्चला पहिला रिमांड झाला तर ६० वा दिवस ३ मे आणि ९० वा २ जून. ३ जूनला सकाळी कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे. दुपारपर्यंत थांबलात आणि तेवढ्यात दोषारोपपत्र दाखल झालं, तर हक्क गेला. शेवटचा दिवस रविवारी आला म्हणून पोलिसांची मुदत वाढत नाही. आदल्या आठवड्यातच अर्ज टाइप करून ठेवायला वकिलाला सांगा.

जामीनदार

जामिनाचा आदेश झाला तरी माणूस आठ-पंधरा दिवस आतच राहतो, कारण जामीनदाराचे कागद तयार नसतात. अर्ज टाकला त्याच दिवशी दोन माणसं ठरवा. प्रत्येकाचं आधार, रेशनकार्ड, फोटो, ताजा सातबारा आणि आठ-अ. सातबारा चार भावांच्या सामाईक नावावर असेल तर हिस्सा किती हे कोर्ट विचारतं. इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर किंमत घटते, आणि केळीवाल्यांच्या सातबाऱ्यावर तो बहुधा असतोच. वनपट्टा (वनहक्कात मिळालेली जमीन) विकता येत नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. ऐपतीचा दाखला मागितला तर तहसीलला काही दिवस लागतात, तो आधीच काढा. आधी आणखी कुणाला जामीन राहिला असेल तर जामीनदाराने ते सांगावंच लागतं.

जामीनदार मिळतच नसेल तर तात्पुरती रोख रक्कम भरण्याची परवानगी मागा, किंवा अटी सैल करण्याचा अर्ज करा. आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. घरच्यांनी स्वतः जाऊन आठवण द्यावी.

तुरुंगात भेटीला ओळखपत्र न्या. भेट ऑनलाइनही ठरवता येते. पैसे मनीऑर्डरने पाठवा, बाहेर उभ्या कुणाच्या हातात देऊ नका.

सुटका झाल्यावर अटींची प्रत घराच्या भिंतीवर लावा. ठाण्यात हजेरीची अट असेल तर दर वेळी वेळ आणि अंमलदाराचं नाव वहीत लिहा, जमल्यास सही घ्या. तालुक्यात जायला बंदी असेल तर लग्न किंवा दहाव्यालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय जाऊ देऊ नका. अर्ज चार-पाच दिवस आधी द्यावा, सोबत पत्रिका जोडावी.