विक्का (निसर्गपूजा आणि जादूचे विधी मानणारा आधुनिक धर्म) शिकायचंय? ग्रुप किंवा गुरू निवडताना हे बघा
सगळ्यात आधी पैशाचं बघा. गार्डनेरियन या विक्काच्या जुन्या परंपरेत दीक्षेची फी घेत नाहीत, मेणबत्त्या-धूप वगैरेचा खर्च वाटून घेणं वेगळं, पण 'इतके भरा, थर्ड डिग्री (दीक्षेची सगळ्यात वरची पायरी) घ्या' असं कोणी म्हणालं तर सरळ निघा.

दुसरं म्हणजे घाई. बऱ्याच कोव्हनमध्ये (विक्काच्या छोट्या ग्रुपमध्ये) दीक्षेआधी एक वर्ष अन एक दिवस थांबायची पद्धत आहे, त्यात ते तुम्हाला बघतात आणि तुम्ही त्यांना, मग पहिल्याच भेटीत 'तू निवडलेला आहेस' म्हणणाऱ्याला एवढी कसली गडबड?

आता सेक्सचा विषय, यावर स्पष्टच बोलते. काही जुन्या परंपरांत विधी विवस्त्र होतात हे खरंय, पण चांगला ग्रुप ते आधीच सांगतो आणि नाही म्हटलं तर मान ठेवतो. दीक्षेसाठी गुरूसोबत झोपावं लागेल असं कोणी सांगितलं तर तो धर्म नाही, शोषण आहे, तिथे एक मिनिटही थांबू नका, आणि अल्पवयीन मुलांना यात ओढत असतील तर थेट पोलिसांकडे जा.

विधी गुप्त ठेवतात, ठीक आहे. पण तुम्ही कुठे जाताय हे घरच्यांपासून लपवायला लावणं, मित्र तोडायला लावणं, सोडून गेलात तर शाप लागेल अशी भीती घालणं हे अजिबात नॉर्मल नाही.

आयझॅक बोनविट्स या अमेरिकन पेगन (निसर्गपूजक) लेखकाने धोकादायक ग्रुप ओळखायला एक मोजपट्टीच बनवलीय, ती शोधून वाचा. आणि सोडून गेलेल्यांशी बोला, प्लीज.