इंग्रजीच्या क्लासचं निमित्त

एम.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षातल्या मुली माझ्याकडे येतात आणि विचारतात, ताई, परदेशात जाऊन शिकवायचंय, जोडीला थोडं समाजाचं कामही करायचंय, सुरुवात कुठून करू? मी बडोद्यात दांडिया बाजारात वाढले, सयाजीराव विद्यापीठात शिकले आणि श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआ जिल्ह्यात, दहा महिने इंग्रजी शिकवून आले. त्या अनुभवावरून सांगते.

कागदपत्रांचं आधी उरकू. पदवी, १२० तासांचं टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) प्रमाणपत्र आणि पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारं पोलीस क्लिअरन्स बहुतेक ठिकाणी लागतं. काम बिनपगारी असलं तरी टूरिस्ट व्हिसावर शिकवायला जाऊ नका. स्वयंसेवक म्हणून घ्यायला एखादी संस्था तुमच्याकडूनच मोठी फी मागत असेल, तर त्यातला किती पैसा गावात पोचतो हे विचारा. मी विचारलं, उत्तर आलं नाही, मग ती संस्था सोडून दुसरी शोधली.

निघताना माझा हिशेब सरळ होता. श्रीलंकेत १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. तमिळ भाषकांच्या मनात सल राहिला, आणि पुढे १९८३ ते २००९ युद्ध चाललं. १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने तमिळलाही राजभाषेचं स्थान दिलं आणि इंग्रजीला दोन्हींमधली दुवा-भाषा ठरवलं. तेव्हा आपण इंग्रजी शिकवली की माणसं एकमेकांशी बोलू लागतील, असं मला वाटत होतं.

पहिल्याच महिन्यात हा हिशेब चुकला. माझ्या वर्गात हिंदू आणि ख्रिश्चन तमिळ मुली होत्या, आणि शेजारच्या काट्टानकुडीतल्या मुस्लिम मुली होत्या. सगळ्यांची घरची भाषा तमिळच. एकमेकींशी बोलायला त्यांना माझ्या इंग्रजीची गरज नव्हती. तरी शाळा वेगळ्या, वस्ती वेगळी, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. १९९० च्या ऑगस्टमध्ये काट्टानकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक माणसांना मारलं गेलं. २०१९ च्या ईस्टरला बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये स्फोट झाला, लहान मुलं गेली. एवढं सोसलेल्या वस्त्यांमध्ये भाषा एक असून काय होणार? मला आपलं मांडवीभोवतीचं बडोदं आठवलं. इथेही सगळीकडे गुजराती चालतेच की. तरी पंचवीस वर्षांत मी तांदलज्यात, बडोद्याच्या मुस्लिम वस्तीत, कुणाच्या घरी एकदाही चहा प्यायले नव्हते.

मग इंग्रजी कशासाठी? निमित्त म्हणून. मुलीला शांतता-शिबिराला पाठवा म्हटलं तर घरचे दहादा विचार करतात. इंग्रजीच्या क्लासला मात्र कुणीही पाठवतं. क्लास सुटल्यावर भावाची किंवा रिक्षाची वाट बघत मुली एका पायरीवर बसत. त्या अर्ध्या तासात जे होई, ते माझ्या कुठल्याही धड्यात होत नसे. म्हणून मी वर्ग मुद्दाम दहा मिनिटं आधी सोडू लागले.

अशा वर्गाची वेळ ठरवणं हेच मोठं काम असतं. शुक्रवारी जुम्मा, रविवारी चर्च आणि बौद्ध मुलांची धर्मशिक्षणाची शाळा, दर पौर्णिमेला पोयाची सुट्टी, मुस्लिम शाळांना रमजानची वेगळी सुट्टी, आणि शनिवारी सगळ्यांच्याच ट्यूशन. दोन संध्याकाळी शोधायला तीन आठवडे लागले. त्यासाठी मौलवी, चर्चचे फादर आणि कोविलचे (हिंदू देवळाचे) विश्वस्त, तिघांकडे चार-चारदा जावं लागलं. सुरुवातीला मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. पुढे एकदा गावात अफवा उठली, तेव्हा क्लास चालू ठेवा असं पालकांना सांगायला हेच तिघे घरोघर गेले.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. नवशिक्यांच्या पुस्तकात कुटुंबाचा धडा पहिला असतो. मी फळ्यावर लिहिलं, तुम्हाला किती भाऊ आहेत? मोठ्यांच्या वर्गातली एक बाई उभी राहून म्हणाली, 'आय हॅड टू.' सवयीने मी 'हॅव' म्हणून दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि तिच्या शेजारणीने मान हलवली. बाईंचं व्याकरण अचूक होतं. वर्गात कुणी बोललं नाही. नंतर तिथल्या शिक्षिकेने मला समजावलं: घरची माणसं विचारू नकोस, कामाचं विचार. तेव्हापासून मी दवाखान्यातला केसपेपर, बँकेचा अर्ज, माशांची कढी कशी करायची, असल्या धड्यांनी सुरुवात करते. घरचं सांगायचं असेल तेव्हा माणसं आपणहून सांगतात.

तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस लागतो आणि डेंग्यूची भीती सुरू होते. आम्ही सगळ्यांनी मिळून गटारं साफ केली. तिथे याला श्रमदानच म्हणतात. १९५८ मध्ये कोलंबोतल्या ए. टी. आरियरत्ने या शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन एका गावात श्रमदान केलं, त्यातून तिथली सर्वोदय चळवळ उभी राहिली. प्रेरणा गांधी-विनोबांची. विनोबा म्हणजे बडोद्यात शिकलेले, कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकलेले आपले विनोबा! त्या शिबिरांत एकमेकांना नात्याने हाक मारायची रीत आहे. मोठ्या बहिणीला सिंहलीत अक्का, तमिळमध्येही अक्का. ती हाक मी आजोळी ऐकत मोठी झाले. हातात मामोटी घेऊन चिखल उपसताना कुणी 'अक्का, इकडे!' म्हटलं की मी वळायचे. मामोटी म्हणजे तिथलं फावडं. श्रीलंकेच्या इंग्रजीत हाच शब्द चालतो, मुलांनी लिहिला तर खोडू नका.

परत आल्यावर दोन मैत्रिणींबरोबर मी बडोद्यात क्लास सुरू केला. दांडिया बाजारच्या मुली येतात, याकूतपुऱ्याच्या मुस्लिम घरांतल्या येतात, फतेहगंजच्या ख्रिश्चन घरांतल्याही येतात. जागेसाठी सात ठिकाणी नकार मिळाला, आठव्या ठिकाणी एका निवृत्त मास्तरांनी ओटी मोकळी करून दिली. परदेशी जायचं म्हणणाऱ्या मुलींना मी आधी तिथे तीन महिने शिकवायला बोलावते. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेपाच. सुटल्यावर लगेच निघायचं नाही, शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत ओटीवर बसायचं.