नदीकाठच्या गावात गाठी चाचपायला जाण्याआधी

'रिव्हर ब्लाइंडनेस' म्हणजे काळ्या माशीच्या चाव्यातून अंगात जंत शिरून दृष्टी जाऊ शकते असा रोग; हे जंत कातडीखाली गाठी करून राहतात. आफ्रिकेत त्याच्या पाहणीला निघताना आधी नद्यांचा नकाशा पसरायचा. ही माशी वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढते, म्हणून खडकांवरून पाणी उसळतं त्या पट्ट्याजवळची गावं निवडायची. सडकेवरचं गाव गाडीला सोपं पडतं, पण तिथला आकडा खोटा दिलासा देतो.

मग माणसं ठरवायची: २० वर्षांवरचे ३० ते ५० पुरुष, निदान १० वर्षं त्याच गावात राहिलेले, शेतावर किंवा नदीवर राबणारे. ते दिवसा गावात सापडत नाहीत. त्यांची परतायची वेळ गावप्रमुखाला आधी विचारून ठेवायची, नाहीतर घरी बसलेलेच मोजले जातात.

उजेडाची पण आडोशाची खोली मागून घ्यायची. माणूस अंगावर फक्त चड्डी ठेवून उभा राहणार आहे. काय तपासणार आणि का, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारा दुभाषी हवाच. इथे घाई केली की लोक निघून जातात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

सगळ्यात जास्त वेळ बोटांच्या तयारीला द्या. कमरेच्या हाडाची कड, खुबा, बरगड्या, गुडघे: हाड कातडीजवळ येतं तिथे जंतांची गाठ सापडते. ती टणक असते, सहसा दुखत नाही. चरबीची गाठ आणि जांघेतली सुजलेली लसिकाग्रंथी वेगळी ओळखता आली पाहिजे. दोन तपासनिसांनी तीच माणसं वेगवेगळी तपासून उत्तरं ताडून पाहावीत. ती जुळेपर्यंत गावात जाऊ नये.

नडग्याही पाहायच्या. फिकट पडलेल्या कातडीत केसांच्या मुळाशी काळे ठिपके राहिले असतील, तर ती या रोगाची जुनी खूण. भाजल्याचे व्रण, कोड आणि कुष्ठरोगाचे बधिर चट्टे त्यात मोजू नयेत. उपचारानंतरही हे डाग राहू शकतात, म्हणून त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

या जंतांवरचं औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन; त्याच्या गोळ्या गावात आधी वाटल्या आहेत का, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चाचपणीची ही पद्धत औषध पोचण्याआधीच्या गावांसाठी आहे. २० टक्के पुरुषांना गाठी, म्हणजे ५० मधल्या १० जणांना, तर या जंतांची सूक्ष्म पिल्लं साधारण ४० टक्के लोकांच्या कातडीत असतात. तिथे सबंध वस्तीला औषध द्यायचं, असा आडाखा १९९५ ते २०१५ या काळात चाललेल्या, या रोगाच्या नियंत्रणासाठीच्या आफ्रिकी कार्यक्रमाने वापरला. वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेल्या गावात रोग संपला का, हे गाठींवरून ठरवू नये. त्यासाठी १० वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं तपासावी लागतात.

मध्य आफ्रिकेत असाल तर डोळ्याच्या बुबुळाशेजारून सरकणाऱ्या लोआ या दुसऱ्याच एका जंताचं छायाचित्र सोबत असू द्या आणि प्रौढांना विचारा: असा जंत कधी डोळ्यात दिसला होता का? ४० टक्क्यांहून जास्त 'हो' आले, तर गोळ्या वाटण्याचं थांबवून आधी तज्ज्ञांशी बोलायचं. अंगात लोआचे जंत फार असलेल्या माणसाला आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकतं.